पासमबाई आणि मक्याच्या कण्या

फ्रिजचं दार उघडलं आणि मी दोन पावलं मागे सरले. भाडेकरूंना जाऊन तीन आठवडे झाले होते. जाताना त्यांनी वीज तोडली होती आणि फ्रिज तसाच भरलेला सोडला होता. खालच्या कप्प्यात एका पिशवीत कोंबडी होती, म्हणजे कधीकाळी ती कोंबडी असणार. दुधाचा कॅन फुगून आडवा झाला होता. तो आंबट, गोडसर, घशात चिकटून बसणारा वास सगळ्या स्वयंपाकघरात पसरला आणि मी बाहीत नाक खुपसून बेसिनवरची खिडकी उघडायला धावले. खिडकी पूर्वीसारखीच अडकली. तळहातानं खालून ठोकल्यावर उघडली.

हे आमचं डब्लिनचं घर. ओहायोतलं. मिलिंदची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी बदलली तेव्हा आम्ही सांता क्लाराला गेलो आणि हे घर भाड्यानं दिलं. आता विकायचं ठरलंय. मिलिंदला सुट्टी नव्हती, म्हणून आवराआवर करायला आठवडाभर मी एकटीच आले होते.

खिडकीतून मागचं अंगण दिसलं. गवत गुडघ्याच्या वर गेलेलं. त्याच्यापुढे तो लाकडी डेक, एक फळी निखळलेली. कुंपण नाहीच, झाडांची एक रांग आणि तिच्यामागे बारीकसा ओहोळ. वारा आला तो ओल्या मातीचा, कुजक्या पानांचा वास घेऊन आला. फ्रिजचा वास पाठीमागून आणि हा समोरून. त्या दोन वासांच्या मध्ये उभी असताना मला अण्णांचा आवाज आठवला. आठवला असं म्हणण्यापेक्षा तो पोटातून वर आला, मळमळ येते तसा.

अण्णा म्हणजे माझे सासरे. कोविडच्या वर्षी जानेवारीत ते आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आले होते. बर्फ बघायचं होतं त्यांना. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती, कऱ्हाडच्या घरी ते एकटेच असत. मार्चमध्ये सगळं जग बंद झालं, विमानं बंद झाली आणि तीन महिन्यांचे आठ महिने झाले. आम्ही चौघं घरात कोंडलो: मी, मिलिंद, अकरा वर्षांची सई आणि अण्णा.

त्या मार्चचा वास मला अजून येतो. सॅनिटायझरचा, ब्लीचचा, गॅरेजमध्ये ओळीनं मांडून ठेवलेल्या, साबणानं पुसलेल्या पिशव्यांचा. मी केळीसुद्धा धुवायची. हातांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, मीठ लागलं की चरचरायचं. बाहेरून आलेल्या प्रत्येक वस्तूची मला किळस यायची, आणि बाहेरचं सगळं संपलं की आतल्या माणसांची. मिलिंदच्या खोकण्याची. सईच्या न धुतलेल्या केसांची. सगळ्यात जास्त अण्णांची.

हे लिहिताना लाज वाटते, पण तसंच होतं. जेवण झालं की ते कवळी काढून स्वयंपाकघरातल्याच बेसिनच्या नळाखाली धरायचे. बोटानं तिच्यातलं शीत काढायचे. मग ती एका स्टीलच्या वाटीत खिडकीत ठेवायचे आणि ती कवळी दुपारभर तिथून माझ्याकडे बघत हसायची. जेवताना भुरके मारायचे. आमटीची चव पळीनं घ्यायचे आणि तीच पळी पुन्हा पातेल्यात. मी काही बोलायची नाही. फक्त त्यांची पाठ वळली की पातेलं उकळायला ठेवायची.

अण्णांनी चाळीस वर्षं कऱ्हाडला नगरपालिकेत काढली होती. आरोग्य विभागात, मुकादम म्हणून लागले आणि स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. पहाटे चारला सायकलवर निघायचे, गटारं, उकिरडे, मेलेली जनावरं, मटण मार्केटच्या मागचा नाला. आमचं लग्न ठरलं तेव्हा माझ्या आईनं, नाशिकला, पाहुण्यांसमोर त्यांच्या नोकरीचं नाव घेताना आवाज खाली आणला होता. मी तेव्हा आईवर चिडले होते. माणसाच्या कामावरून काय ठरवायचं, असं मी तिला ऐकवलं होतं. मला वाटत होतं, मी त्या सगळ्याच्या पलीकडे आहे.

एप्रिलमध्ये झाडांना पालवी फुटायच्या आधीचे जे उदास दिवस असतात, त्या दिवसांत अण्णांना कण्या सापडल्या. किराणा संपत आला होता. सुरुवातीचे पंधरा दिवस मी हौसेनं केक, पावभाजी, समोसे केले, मग उत्साह सरला आणि वरणभात, खिचडी, पिठलं, पुन्हा वरणभात असं चालू झालं. अण्णा कपाटासमोर खाली बसून मागचे डबे काढत होते. सईच्या शाळेच्या कसल्याशा प्रोजेक्टसाठी आणलेला ग्रिट्सचा डबा त्यांच्या हाती लागला. त्यांनी चिमूट घेऊन बोटांत चोळून पाहिली.

"या तर कण्या," ते म्हणाले. "मक्याच्या आहेत, पण कण्याच."

त्यांनी आधण ठेवलं, लसूण ठेचून टाकला, मीठ टाकलं, आणि एका हातानं कण्या वैरत दुसऱ्या हातानं हलवत राहिले. घट्ट झाल्यावर ताटात ओतून गार केल्या आणि वरून ताक. सोबत हिरव्या मिरचीचा ठेचा. सईनं दोन वाट्या खाल्ल्या. मिलिंद तळघरातल्या त्याच्या ऑफिसातून वर आला, एक घास घेतला आणि उभ्याउभ्याच वाटी संपवली. लहानपणी त्याची आई ज्वारीच्या करायची, असं नंतर म्हणाला. मी खाल्ल्या नाहीत. पळी पातेल्यात परत गेलेली मी पाहिली होती.

त्यानंतर सकाळची न्याहारी अण्णांकडेच गेली. वाटी हातात घेऊन ते मागच्या काचेच्या दारापाशी उभे राहायचे आणि खाता खाता अंगण बघायचे. सई त्यांच्या शेजारी, पायजम्यात. रॉबिन पक्षी गवतातून गांडूळ ओढून काढायचा, गांडूळ रबरासारखं ताणायचं, तुटायचं नाही, आणि ती दोघं श्वास रोखून बघत असायची. डेकखाली एक ग्राउंडहॉग राहत होता, अण्णा त्याला घूस म्हणायचे. "आली बघ घूस, पोट बघ केवढं," असं म्हणत ते सईला हलवायचे. सई इंग्रजीत उत्तरं द्यायची आणि अण्णा मराठीत प्रश्न विचारायचे, आणि दोघांचं कसं कोण जाणे सुरळीत चालायचं.

एकदा ओहोळाकाठी एक हरीण मरून पडलं. दुसऱ्या दिवशी गिधाडं आली, लाल डोक्याची, पंख पसरून झाडांवर वाळत घातल्यासारखी बसली. मी पडदे ओढून घेतले. अण्णांनी ते पुन्हा उघडले. कऱ्हाडला नदीकाठी जनावरं टाकायची जागा होती तिथे पूर्वी गिधाडं यायची, ते सांगत होते, सकाळी टाकलेला बैल दुपारपर्यंत हाडं होऊन पडायचा. मग गिधाडं दिसेनाशी झाली. मग वास वाढला, कुत्री वाढली, तक्रारी वाढल्या. जेवणाच्या टेबलावर हे सगळं. सई डोळे मोठे करून ऐकत होती.

"गिधाडाइतका प्रामाणिक कर्मचारी मला पुन्हा मिळाला नाही," अण्णा म्हणाले आणि पिठल्याचा घास घेतला.

मी ताट उचलून बेसिनमध्ये ठेवलं.

आणि मग पासमबाई. ऑपॉसम हा शब्द अण्णांच्या जिभेवर बसेना, म्हणून पासमबाई. मांजराएवढी, करड्या विस्कटलेल्या केसांची, उंदरासारख्या लांबट तोंडाची. शेपटी बिनकेसांची, गुलाबी, सोललेली वाटावी अशी. दिवस मावळायला आला की ती ओहोळाकडून यायची, डेकच्या कडेनं डुलत जायची. पोटाखालून तिची पिशवी जड लोंबायची. सईनं आयपॅडवर वाचून अण्णांना सांगितलं होतं की तिच्या पिशवीत पिल्लं असतात, मधमाशीएवढी जन्मतात आणि आत दुधाला चिकटून वाढतात. अण्णांना ते फार आवडलं. रोज संध्याकाळी ती दोघं पिशवी किती लोंबते ते बघायची. अण्णा टरबुजाच्या साली डेकच्या पायरीवर ठेवायला लागले. मी बंद करायला लावलं. उंदीर येतील, असं मी म्हणाले. ते लगेच "बरं बाळ" म्हणाले आणि साली ओहोळापलीकडे नेऊन टाकायला लागले.

तेव्हा ते मला बाळ म्हणायचे. "अगं" म्हणायचे, "ऐक की" म्हणायचे.

मे लागला तरी थंडी गेली नव्हती. त्या दिवशी सकाळपासून बारीक पाऊस होता. मी जेवणाच्या खोलीत लॅपटॉप घेऊन मीटिंगमध्ये होते. लाँड्रीच्या खोलीतून ड्रायरचा आवाज येत होता आणि त्याच्यातून आणखी एक आवाज. कुणीतरी अगदी छोटं शिंकत होतं. पुन्हा पुन्हा. मी मीटिंग म्यूट केली आणि उठून दार उघडलं.

चालू ड्रायरवर एक खोकं होतं. खोक्यात माझा फिकट निळा आंघोळीचा टॉवेल, आणि टॉवेलवर पासमबाई मेलेली. पार्सलच्या गाडीखाली आली होती, हे मला नंतर कळलं. तोंड उघडं, बारीक दातांची रांग, जीभ बाहेर, एक डोळा जागेवर नव्हता. अण्णांची दोन बोटं तिच्या पोटाच्या पिशवीत होती. ती त्यांनी हळूच फाकवून धरली होती आणि सई टॉर्च लावून वाकून बघत होती. आत काहीतरी गुलाबी, ओलं हलत होतं. शिंका तिथून येत होत्या. ड्रायरच्या उबेनं वास वर येत होता, ओल्या केसांचा, रक्ताचा, आणि त्याखाली एक उग्र, जुनाट वास.

"मॉम, दे आर अलाइव्ह," सई म्हणाली. "नाइन ऑफ देम."

अण्णा वर न बघता म्हणाले की बाहेर गारठ्यात मरतील, म्हणून उबेला आणलीत, ओढून काढायची नाहीत, दुधाला धरून आहेत.

माझ्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. मी दाराची चौकट धरली. दोन महिने गिळलेलं सगळं, कवळी, पळी, भुरके, गांडूळ, गिधाडं, एकदम वर आलं.

"तुमची सगळी नोकरी घाणीत गेली, म्हणून माझं घरही तसंच करायचं का?" मी म्हणाले. आणि थांबले नाही. "तुम्हा लोकांना स्वच्छ म्हणजे काय ते कळतच नाही."

तुम्हा लोकांना. तो आवाज माझा नव्हता असं म्हणायचा मोह होतो, पण तो माझाच होता. फक्त खाली आणलेला नव्हता, आईनं आणला होता तसा.

अण्णांनी पिशवीतून बोटं अलगद काढली. माझ्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही. ते बघणं मला तेव्हा ओळखता आलं नाही. मग त्यांनी कोपरानं ड्रायर बंद केला, खोकं उचललं आणि म्हणाले, "सई, गॅरेजचं दार उघड."

त्यानंतर मी काय केलं, तर मीटिंगमध्ये परत गेले. अनम्यूट केलं. सॉफ्टवेअर तपासायच्या माझ्या टेस्ट केसेस वाचून दाखवल्या.

मिलिंदनं फोन करून करून जखमी जनावरं सांभाळणारी एक बाई शोधून काढली. कॅरल तिचं नाव. संध्याकाळी सहाच्या सुमारास ती एका जुन्या पिकअपमधून आली, साठीची, मास्क लावलेली, चिखलाचे बूट. तोवर अण्णा गॅरेजमध्ये घडीच्या खुर्चीवर बसून होते, मांडीवर खोकं, खोक्याभोवती स्वतःचा स्वेटर. दुपारी जेवले नव्हते. मी वरच्या खिडकीतून बघत होते, खिडकी थोडी उघडी होती. कॅरल ड्राइव्हवेवरच मांडी घालून बसली, तिनं पिशवी तपासली. आठ जिवंत होती. मेलेल्या आईसकट ती सगळी घेऊन जाणार होती. जाताना तिनं अण्णांकडे बघून काहीतरी म्हटलं आणि सईनं तिच्या मोडक्या मराठीत ते आजोबांना सांगितलं, की फार कमी लोक तिथे हात घालतात.

"हात काय, धुता येतात," अण्णा म्हणाले. "सांग तिला."

सईनं सांगितलं. कॅरल हसली, मास्कवरच्या डोळ्यांनी. मी खिडकी लावून घेतली.

मग अण्णांनी बागेच्या नळानं कोपरापर्यंत हात धुतले, बराच वेळ. ड्राइव्हवे धुतला. माझा टॉवेल साबणानं दोनदा धुऊन डेकच्या कठड्यावर टाकला, सुकल्यावर घडी करून लाँड्रीच्या दाराशी ठेवला. तो पहिल्यापेक्षा स्वच्छ होता. मी हातमोजे घालून तो दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर अण्णा तिथून निघत होते. बाजूला झाले, मला वाट दिली.

"तुमचा चहा झाकून ठेवलाय," ते म्हणाले.

तुमचा. मला आधी वाटलं, माझा आणि मिलिंदचा. मग दुपारी, संध्याकाळी, पुढच्या दिवशी लक्षात आलं. तुम्ही बसा. तुम्हाला फोन आलाय. तुमचं काम झालं की सांगा. एखाद्या मोठ्या साहेबाच्या बायकोशी बोलावं तसं, नीट, कुठेही टोचणार नाही असं. बाळ हा शब्द त्यांनी पुन्हा उच्चारला नाही.

सईनं बापाला सांगितलंच होतं. मॉम सेड समथिंग रिअली मीन टु आजोबा. मिलिंद दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि मग एवढंच म्हणाला, "तू एकदा त्यांच्याशी बोल ना यार." बोलते, असं मी म्हणाले. रोज म्हणाले.

जून आला. गवताला कापल्याचा हिरवा वास, रात्र पडायच्या आधी काजवे, कुठेतरी कुणाच्या तरी ग्रिलचा धूर. अण्णांनी ताट, वाटी, पेला वेगळा काढला. कुणी सांगितलं नव्हतं. ते डेकवर बसून जेवायचे, आणि भांडी बागेच्या नळावर विसळून तिथेच पालथी घालायचे. कवळीची वाटी त्यांच्या खोलीत गेली. स्वयंपाक मात्र ते करत राहिले, माझ्या मीटिंगच्या वेळा बघून. मी बाहेर येईपर्यंत ओटा कोरडा पुसलेला असायचा, पळ्या उलट्या टांगलेल्या. अंगणात त्यांना घोळाची भाजी सापडली. घोळ, जिला इथे तण म्हणून उपटून फेकतात. मुगाची डाळ घालून त्यांनी ती केली, लसणीची फोडणी देऊन. तिघं डेकवर बसून खायची आणि हरणाचं पाडस ओहोळ ओलांडताना बघायची. त्यांचं हसणं काचेतून आत यायचं, शब्द यायचे नाहीत.

माझ्यासाठी रोज एक वाटी झाकलेली असायची. ओट्याच्या कोपऱ्यात. कण्या, घोळ, कधी ताकातली भेंडी, कधी नुसती मऊ खिचडी. त्याबद्दल ते कधी काही म्हणाले नाहीत, खाल्लीत का असं विचारलं नाही. आणि मी ती वाटी रोज बेसिनमध्ये ओतायची आणि खरकटं दळून वाहून नेणाऱ्या, बेसिनखालच्या यंत्राचं बटण दाबायची. तो दळल्याचा आवाज यायचा. पाणी सोडायची. वाटी घासून जागेवर ठेवायची. अंगणात हरणांनी मुतलेलं गवत, असं मी स्वतःला सांगायची. पण कण्या तर डब्यातल्या होत्या. खिचडी तर माझ्याच तांदळाची होती.

एका दुपारी मी वाटी ओतत असताना काचेच्या दारात अण्णा उभे होते. पेल्यात पाणी न्यायला आले असावेत. त्या यंत्राच्या आवाजात मला दार सरकल्याचं कळलं नव्हतं. ते आत आले नाहीत. पेला तसाच रिकामा घेऊन परत वळले. दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात वाटी नव्हती.

मी त्या जागी बघायची. न्याहारीच्या वेळी, दुपारी. कोरडा, पुसलेला कोपरा.

ऑगस्टमध्ये कॅरलनं मिलिंदला फोटो पाठवला. पिल्लं मोठी झाली होती आणि तिनं ती कुठल्याशा जंगलात सोडली होती. सईनं तो फोटो आजोबांना दाखवला. अण्णांनी तो बोटांनी मोठा करायला लावला, चष्मा लावला, आणि एकेक मोजत गेले. सात निघाली. आठवं फांदीमागे असेल, ते सईला म्हणाले. मी मागे उभी होते. मलाही बघायचं होतं. मी मागितला नाही आणि त्यांनी पुढे केला नाही.

मग खास विमानं सुटायला लागली आणि महिन्याअखेर अण्णांना जागा मिळाली. विमानतळावर सगळे मास्कमध्ये, अण्णांच्या तोंडासमोर प्लॅस्टिकचं शील्डही. मिलिंद बॅगा देत होता, सई रडत होती. मी त्यांच्याजवळ गेले आणि मास्कमधूनच म्हणाले, "अण्णा, चुकलं माझं." त्याच वेळी वर काहीतरी अनाउन्समेंट चालू होती. त्यांनी कानामागे हात धरला, मग मान हलवली. "हो, हो, पोचलो की फोन करतो," ते म्हणाले आणि रांगेत वळले. ऐकू गेलं की नाही, मला कळलं नाही. खरं सांगायचं तर, पुन्हा मोठ्यानं म्हणायचं नव्हतं म्हणून मी तेवढ्यावरच सोडून दिलं.

पाच वर्षं झाली त्याला. फोन दर रविवारी येतो, मिलिंदला किंवा सईला. "आईला विचारलंय म्हणून सांग," असं ते शेवटी म्हणतात. आम्ही कऱ्हाडला दोनदा गेलो, तेव्हाही तुम्ही, बसा, घ्या, दमला असाल.

फ्रिज आवरायला मला सकाळचे चार तास लागले. कोंबडीच्या पिशवीखाली काळं पाणी साठून वाळलं होतं, ते खरवडावं लागलं. दोनदा बाहेर डेकवर जाऊन उभी राहिले, एकदा खरंच ओकले. आणि तिथे कठड्याला धरून उभी असताना लक्षात आलं, की ही जी किळस आहे, कोंबडीची, बुरशीची, ती साधी आहे. पाण्यानं, साबणानं जाते. दुसरी जी आहे तिला मी इतकी वर्षं अण्णांच्या नावावर ठेवली होती. ती त्यांची कधीच नव्हती. त्या ओट्याच्या कोपऱ्याकडे बघितलं की येते, आणि बघणारी मी असते.

मी फोन लावला. कऱ्हाडला संध्याकाळचे आठ वाजले असणार. अण्णांनी उचलला आणि आधी घाबरले, मिलिंद बरा आहे ना, सई बरी आहे ना. सगळे बरे आहेत, मी डब्लिनला आलेय, जुन्या घरी, असं सांगितलं. मागे काय दिसतंय, असं त्यांनी विचारलं. गवत वाढलंय, एक ससा बसलाय, मी म्हणाले.

"अण्णा, त्या दिवशी मी बोलले ते," मी म्हणाले, "आणि वाट्या ओतून द्यायची तेही. मला माफी मागायचीय."

"विमानतळावर मागितलीत की," ते म्हणाले. "ऐकलं होतं मी. तेव्हा काय बोलावं ते सुचलं नाही."

त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली, ते गॅस बंद करून परत आले.

"चाळीस वर्षं त्या खात्यात काढली," ते सावकाश म्हणाले. "मेलेली जनावरं, तुंबलेली गटारं, पुरानंतर तर काय काय. घरी येऊन हातपाय धुतले की जेवायला बसायचो. कधी घास अडकला नाही. कशाची किळस आली नाही. लोक म्हणायचे, याला नाकच नाही." ते थांबले. "त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा आली, तुमची. आणि ती वाटी ओतताना पाहिलं तेव्हा पुन्हा. मला कळेचना काय होतंय ते. त्या दिवशी गॅरेजमध्ये दुपारभर खुर्चीवर बसलो होतो ते त्याच्यामुळे."

ससा गवतात कान हलवत होता. ड्रायरपाशी अण्णांनी माझ्याकडे एकदा पाहिलं होतं, ते बघणं काय होतं ते मला पाच वर्षांनी कळलं.

"अजून येते?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. ते नेहमी विचार करूनच उत्तर द्यायचे, अगदी सईनं आकाशाचा रंग विचारला तरी.

"थोडी येते," ते म्हणाले. "पूर्वीइतकी नाही. खोटं कशाला सांगू तुम्हाला."

काही नाही, विसरलो सगळं, असं ते म्हणाले असते तर मी फोन ठेवून मोकळी झाले असते. थोडी येते म्हणाले, आणि माझ्या छातीत काहीतरी पहिल्यांदा जागेवर बसलं. दुखलं, पण बसलं. बरोबर आहे, मी म्हणाले. मलाही येते, माझीच.

मग त्यांनी त्यांच्या परसात आलेल्या मुंगसाबद्दल सांगायला सुरुवात केली. भिंतीच्या बिळात मादी आहे, तीन पिल्लं आहेत, सकाळी उन्हाला ओळीनं बाहेर येतात, मोठं पिल्लू धीट आहे, धाकट्याला आई मानेला धरून आत ओढते. मी तिथेच डेकच्या पायरीवर बसले. एक शब्दही मध्ये न बोलता ऐकत राहिले, पंधरावीस मिनिटं. त्यांचा भात गार झाला असणार.

"बाकीचं पुढच्या रविवारी सांगतो," शेवटी ते म्हणाले. "तुमच्या फोनवर करतो. उचला."

मी हे लिहितेय तो शनिवार आहे.